मोटार शर्यतींतील प्राणघातक अपघात आणि चालकाचे कायदेशीर उत्तरदायित्व

मोटार शर्यतीच्या वेळी धावमार्गावर किंवा त्यालगत अपघात होऊन प्रेक्षक, मार्शल अथवा प्रतिस्पर्धी चालक यांचा मृत्यू झाल्यास, त्या अपघातात सापडलेल्या चालकावर कोणती कायदेशीर जबाबदारी येते, हा फौजदारी कायदा, नुकसानभरपाईचा कायदा आणि क्रीडानियम या तिन्हींशी संबंधित असलेला प्रश्न आहे. शर्यतीत वेग हेच उद्दिष्ट असते आणि धोका सर्व संबंधितांना ठाऊक असतो. त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणा ठरणारे वर्तन शर्यतीत तसे ठरतेच असे नाही. विसाव्या शतकातील गाजलेल्या प्रकरणांत चालकांविरुद्ध चौकश्या झाल्या, काही वेळा खटलेही चालले. परंतु दोषसिद्धी झाली नाही. मात्र निर्दोष ठरेपर्यंतचा काळ अनेकदा वर्षांनी मोजावा लागला. पुढे या प्रकरणांतील तपासाचा रोख चालकाकडून आयोजक, धावमार्गाची रचना आणि वाहनाचे निर्माते यांच्याकडे वळलेला दिसतो.

पार्श्वभूमी

आरंभीच्या मोटार शर्यती शहरांना जोडणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांवर होत असत. प्रेक्षक रस्त्याच्या कडेला, कित्येकदा रस्त्यातच उभे राहत. मे १९०३ मधील पॅरिस-माद्रिद शर्यतीत चालक मार्सेल रेनो याच्यासह अनेकांचा मृत्यू झाला आणि फ्रेंच सरकारने ती शर्यत बोर्दो येथेच थांबवली. या घटनेनंतर बंदिस्त धावमार्गांची आवश्यकता प्रकर्षाने जाणवू लागली. इंग्लंडमध्ये १९०७ साली ब्रुकलंड्स हा खास मोटार शर्यतींसाठी बांधलेला धावमार्ग सुरू झाला. तथापि इटलीतील मिले मिल्या यांसारख्या सार्वजनिक रस्त्यांवरील शर्यती १९५७ पर्यंत चालू होत्या. बंदिस्त धावमार्गांवरही प्रेक्षक आणि गाड्या यांच्यामध्ये मातीचा बांध, गवताच्या गासड्या किंवा तारेचे कुंपण एवढेच संरक्षण असे.

कायदेशीर तत्त्वे

फौजदारी जबाबदारी

निष्काळजीपणामुळे दुसऱ्याचा मृत्यू घडवून आणणे हा बहुतेक देशांत गुन्हा आहे. शर्यतीच्या बाबतीत अडचण येते ती निष्काळजीपणाचे माप ठरवताना. ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने, दुसऱ्या गाडीपासून हातभर अंतरावरून जाणे हे शर्यतीतील नित्याचे कृत्य आहे. म्हणून न्यायालयासमोर प्रश्न असतो तो त्या परिस्थितीत वाजवी कुशलतेचा चालक कसा वागला असता, हा.

इटलीतील प्रकरणे संख्येने अधिक दिसतात, त्यामागे तेथील कायद्याची रचना हे एक महत्त्वाचे कारण आहे. इटालियन दंडसंहितेच्या कलम ५८९ नुसार निष्काळजीपणामुळे घडलेला मनुष्यवध हा गुन्हा आहे. तसेच इटालियन राज्यघटनेच्या कलम ११२ नुसार फौजदारी कारवाई करणे हे सरकारी अभियोक्त्याचे कर्तव्य असून त्याला त्याबाबत स्वेच्छाधिकार नाही. त्यामुळे मृत्यू शर्यतीत झाला असला तरी त्याचा न्यायिक तपास अपरिहार्य ठरतो.

दिवाणी जबाबदारी

इंग्लिश कायद्यात, धोका जाणून तो स्वेच्छेने पत्करणाऱ्यास पुढे झालेल्या इजेबद्दल दाद मागता येत नाही, असे जुने तत्त्व आहे. प्रेक्षकांच्या संदर्भात त्याच्याशी मिळताजुळता विचार ब्रुकलंड्स येथील अपघाताच्या खटल्यात झाला. १९३० मध्ये तेथे दोन गाड्यांची टक्कर होऊन एक गाडी कठडा ओलांडून प्रेक्षकांत घुसली. त्यात दोन प्रेक्षक मृत्युमुखी पडले आणि अनेक जखमी झाले. एका जखमी प्रेक्षकाने धावमार्गाच्या संचालक क्लबविरुद्ध दावा केला. ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला. परंतु अपील न्यायालयाने तो फिरवला. त्यापूर्वीच्या २३ वर्षांत एकही गाडी कठडा ओलांडून गेली नव्हती. अशा असाधारण घटनेपासून संरक्षण देण्याची हमी क्लबने दिलेली नव्हती आणि असा धोका प्रेक्षकाने पत्करलेला असतो, असे न्यायालयाने ठरवले.

स्पर्धकाच्या जबाबदारीचे माप १९६२ च्या वुल्ड्रिज विरुद्ध समनर या इंग्लिश निवाड्यात मांडले गेले. हे प्रकरण मोटारींचे नसून घोडेस्वारीच्या स्पर्धेचे होते. स्पर्धक जिंकण्यासाठी सर्व कौशल्य पणाला लावत असता त्याच्याकडून झालेली निर्णयातील चूक ही प्रेक्षकाप्रती कर्तव्यभंग ठरत नाही. प्रेक्षकाच्या सुरक्षिततेची बेपर्वा उपेक्षा केल्यासच तो जबाबदार ठरतो, असा त्याचा सारांश आहे. क्रीडाविषयक दाव्यांत या निवाड्याचा पुढे वारंवार आधार घेतला गेला, तसेच त्यावर टीकाही झाली.

आयोजकांना मात्र हे संरक्षण तितक्या सहजपणे मिळत नाही. व्हाइट विरुद्ध ब्लॅकमोर या १९७२ च्या निवाड्यातील मृत व्यक्ती स्वतः शर्यतीत भाग घेणारा चालक होता. अपघाताच्या वेळी तो दोरखंडाजवळ प्रेक्षक म्हणून उभा होता. एका गाडीचे चाक दोरखंडात अडकून खुंट उपटले गेले आणि तो हवेत फेकला गेला. शर्यतीचा धोका त्याने पत्करला असला, तरी दोरखंडाची सदोष मांडणी त्याने पत्करली होती असे म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने मानले. तरीही प्रवेशद्वाराजवळ लावलेल्या सूचनाफलकांमुळे आयोजकांची जबाबदारी नाकारली गेली. १९७७ च्या अन्याय्य करारशर्तींविषयीच्या ब्रिटिश कायद्याने, व्यवसाय म्हणून चालवलेल्या उपक्रमात निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची जबाबदारी अशा फलकांद्वारे टाळण्यास बंदी घातली.

क्रीडानियमांनुसार कारवाई

आंतरराष्ट्रीय मोटार क्रीडा महासंघ आणि त्याच्याशी संलग्न राष्ट्रीय संस्था चालकास दंड, निलंबन किंवा परवाना रद्द करणे अशा शिक्षा देऊ शकतात. ही कारवाई न्यायालयीन कारवाईहून स्वतंत्र असते. तिला पुराव्याचे तेच निकष लागू नसतात आणि ती लवकर होते. त्यामुळे न्यायालयाचा निर्णय येण्यापूर्वीच चालकास शिक्षा भोगावी लागल्याचे उदाहरण आढळते.

प्रमुख प्रकरणे

ल माँ, १९५५

११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत मोटार क्रीडेच्या इतिहासातील सर्वांत भीषण दुर्घटना घडली. जॅग्वार गाडी चालवणारा माइक हॉथॉर्न हा लान्स मॅकलिनच्या ऑस्टिन-हीली गाडीला मागे टाकून थांब्याकडे वळण्यासाठी वेग कमी करू लागला. त्याला चुकवण्यासाठी मॅकलिन डावीकडे सरकला आणि मागून वेगाने येणारी पिएर लव्हेग याची मर्सिडीज-बेंझ त्याच्या गाडीवर आदळून उसळली. बांधावर आपटल्यावर तिचे इंजिन व पुढील आस सुटून प्रेक्षकांच्या गर्दीत शिरले. लव्हेग आणि ८० हून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. शर्यत थांबवली गेली नाही. हॉथॉर्न व आयव्हर ब्यूब यांनी ती जिंकली.

सरकारी चौकशीत कोणत्याही चालकास दोषी धरण्यात आले नाही. थांब्यालगतचा अरुंद मार्ग आणि गाड्यांच्या वाढलेल्या वेगाला अपुरी पडणारी सुरक्षाव्यवस्था यांकडे बोट दाखवले गेले. पुढील वर्षीच्या शर्यतीपूर्वी थांब्यांची व प्रेक्षागृहांची पुनर्रचना झाली. स्वित्झर्लंडने धावमार्गावरील शर्यतींवर बंदी घातली, ती अनेक दशके टिकली.

चालकांमधील वाद मात्र मिटला नाही. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॉथॉर्नच्या आत्मचरित्रातील अपघाताच्या वर्णनामुळे दोष आपल्यावर येतो, असे मॅकलिनचे म्हणणे होते. त्याने हॉथॉर्नविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा दाखल केला. जानेवारी १९५९ मध्ये इंग्लंडमधील एका रस्ते अपघातात हॉथॉर्नचा मृत्यू झाला, तेव्हा तो दावा प्रलंबितच होता.

मिले मिल्या, १९५७

१२ मे १९५७ रोजी मिले मिल्या शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात ग्विदित्सोलो गावाजवळ आल्फोन्सो दे पोर्तागो याच्या फेरारी गाडीचा टायर फुटला. दे पोर्तागो, त्याचा सहचालक एडमंड नेल्सन आणि ९ प्रेक्षक ठार झाले. प्रेक्षकांपैकी ५ बालके होती. चालक हयात नसल्याने फौजदारी कारवाईचा रोख गाडी व टायर बनवणाऱ्यांकडे वळला. एन्झो फेरारी आणि टायर पुरवणारी एंगलबेर कंपनी यांच्यावर निष्काळजीपणामुळे मनुष्यवध केल्याचा आरोप ठेवण्यात आला. वापरलेले टायर त्या वेगास योग्य होते काय, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. एन्झो फेरारी १९६१ मध्ये आरोपमुक्त झाले. या दुर्घटनेनंतर मिले मिल्या ही वेगाची शर्यत म्हणून कायमची बंद झाली.

मोंझा, १९६१

१० सप्टेंबर १९६१ रोजी मोंझा येथील इटालियन ग्रांप्रीच्या दुसऱ्या फेरीत, पाराबोलिका वळणाकडे जाताना वोल्फगांग फोन ट्रिप्सची फेरारी आणि जिम क्लार्कची लोटस यांची चाके एकमेकांस लागली. फोन ट्रिप्सची गाडी बांधावर चढून कुंपणालगत उभ्या असलेल्या प्रेक्षकांवर गेली. फोन ट्रिप्स आणि १५ प्रेक्षकांचा मृत्यू झाला. शर्यत पुढे चालू ठेवण्यात आली. फेरारीचाच चालक फिल हिल याने ती जिंकून विश्वविजेतेपदही मिळवले.

फोन ट्रिप्सच्या मृत्यूमुळे टक्करीत सापडलेल्या दोन चालकांपैकी क्लार्क हा एकच हयात होता. इटालियन अधिकाऱ्यांच्या चौकशीचा रोख साहजिकच त्याच्याकडे वळला. चौकशी प्रदीर्घ काळ चालली आणि शर्यतींसाठी इटलीत जाताना तिची छाया त्याच्यावर राहिली. अखेरीस त्याच्यावर दोष आला नाही. दरम्यान १९६३ मध्ये तो विश्वविजेता झाला, त्या वर्षीची मोंझा येथील शर्यतही त्याने जिंकली. ७ एप्रिल १९६८ रोजी हॉकनहाइम येथे शर्यतीतच त्याचा मृत्यू झाला.

मोंझा, १९७८

शर्यतीतील अपघाताबद्दल चालकावर प्रत्यक्ष फौजदारी खटला चालल्याचे हे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. १० सप्टेंबर १९७८ रोजी इटालियन ग्रांप्रीच्या प्रारंभी मागील रांगांतील गाड्या पूर्णपणे थांबण्यापूर्वीच सुरुवातीचा हिरवा दिवा लावण्यात आला. परिणामी मागच्या गाड्या वेगात पुढे आल्या आणि अरुंद होत जाणाऱ्या मार्गावर गर्दी झाली. जेम्स हंटची गाडी रॉनी पीटरसनच्या लोटसवर आदळली. लोटस कठड्यावर आपटून पेटली. पीटरसनच्या पायांची हाडे अनेक ठिकाणी मोडली होती. मिलानच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर रक्तप्रवाहात चरबीच्या गुठळ्या जाऊन दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला.

हंटसह काही चालकांनी अपघाताचा दोष २४ वर्षीय इटालियन चालक रिकार्दो पात्रेसे याला दिला. पुढील शर्यत अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेन येथे होती. प्रमुख चालकांच्या दबावामुळे तीत त्याला भाग घेऊ देण्यात आला नाही. इटालियन अभियोक्त्याने पात्रेसे आणि शर्यतीचा प्रारंभ करणारे अधिकारी जान्नी रेस्तेल्ली या दोघांवर निष्काळजीपणामुळे मनुष्यवध केल्याचा आरोप ठेवला. ऑक्टोबर १९८१ मध्ये न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरवले.

सहकाऱ्यांनी दिलेली शिक्षा काही आठवड्यांत अमलात आली. न्यायालयाचा निर्णय येण्यास तीन वर्षे लागली. निकालानंतरही हंट दूरचित्रवाणीवरील समालोचनात पात्रेसेला दोष देत राहिला. पात्रेसे १९९३ पर्यंत फॉर्म्युला वनमध्ये होता आणि सर्वाधिक शर्यतींत भाग घेण्याचा तत्कालीन विक्रम त्याच्या नावावर होता.

कॅनन्डेग्वा, २०१४

९ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात कॅनन्डेग्वा येथील मातीच्या धावमार्गावर नॅसकार विजेता टोनी स्टुअर्ट याच्या गाडीशी स्पर्धा करताना २० वर्षीय केव्हिन वॉर्ड ज्युनियर याची गाडी कठड्यावर आदळली. वॉर्ड गाडीतून उतरून धावमार्गावर चालत आला. धोक्याची सूचना लागू असल्याने गाड्या कमी वेगाने जात होत्या. त्या वेळी स्टुअर्टच्या गाडीची धडक बसून वॉर्डचा मृत्यू झाला.

हे प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरण्याइतका पुरावा आहे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, ठेवण्यात आले. साक्षी आणि चित्रफिती तपासून ज्युरीने सप्टेंबर २०१४ मध्ये आरोप न ठेवण्याचा निर्णय दिला. वॉर्डच्या कुटुंबीयांनी २०१५ मध्ये दिवाणी दावा दाखल केला, तो २०१८ मध्ये तडजोडीने मिटला. या प्रकरणातून दोन्ही कार्यवाहींतील भेद स्पष्ट होतो: फौजदारी आरोप ठेवला गेला नाही तरी नुकसानभरपाईचा दावा स्वतंत्रपणे चालू शकतो. अपघातानंतर आठवड्याच्या आतच नॅसकारने, अपघातग्रस्त गाडीतील चालकाने आग किंवा तत्सम तातडीचा धोका नसल्यास मदत येईपर्यंत गाडीतच थांबावे, असा नियम केला.

आयोजक व निर्मात्यांची जबाबदारी

१ मे १९९४ रोजी इमोला येथे आयर्टन सेना याचा मृत्यू झाला. त्यानंतर विल्यम्स संघाचे फ्रँक विल्यम्स, पॅट्रिक हेड व एड्रियन न्युई, तसेच धावमार्ग व शर्यतीशी संबंधित तीन अधिकारी अशा सहा जणांवर खटला भरण्यात आला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वजण निर्दोष सुटले. पुढे अपील व फेरतपासणीत प्रकरण दीर्घकाळ चालले. सुकाणूचा दांडा तुटल्याने अपघात झाला, त्यातील फेरबदल सदोष होते आणि त्यावरील देखरेखीची जबाबदारी हेड यांची होती, असे इटलीच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २००७ मध्ये नमूद केले. तथापि कारवाईची मुदत संपून गेल्याने शिक्षेचा प्रश्न उद्भवला नाही.

४ मार्च २००१ रोजी मेलबर्न येथील ऑस्ट्रेलियन ग्रांप्रीत जाक व्हिलनव्ह व राल्फ शूमाकर यांच्या गाड्यांची टक्कर झाली. सुटलेले एक चाक कुंपणातील मोकळ्या जागेतून आत शिरून एका मार्शलचा मृत्यू झाला. तेथील कॉरोनरने चौकशीअंती हा मृत्यू टाळता येण्यासारखा होता, असा निष्कर्ष काढला. अनैसर्गिक मृत्यूंचे कारण शोधणारे कॉरोनर हे पद पूर्वी मुंबईतही होते. कुंपणातील ती जागा चाक आत शिरण्याइतकी मोठी होती, ही बाब या चौकशीत महत्त्वाची ठरली.

स्कॉटलंडमध्ये २०१३ व २०१४ साली दोन रॅलींमध्ये मिळून चार प्रेक्षकांचा मृत्यू झाला. त्यांपैकी तिघे जिम क्लार्क याच्या नावाने भरणाऱ्या रॅलीत दगावले. फौजदारी खटला न भरता तेथे प्राणघातक अपघातांची वैधानिक चौकशी करण्यात आली. दोष निश्चित करणे हा अशा चौकशीचा हेतू नसतो. मृत्यू कसा टळला असता हे शोधणे हा असतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणे किंवा तीत भाग घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठीची शिक्षा वाढवण्यात आली. याच अधिनियमानुसार, संघटित शर्यती व वेगचाचण्यांसाठी वाहनाचा वापर वगळणारी अट विमापत्रात घालता येते. त्यामुळे सर्वसाधारण विम्याचे संरक्षण शर्यतीत मिळेलच असे नाही.

बेदरकार किंवा निष्काळजी कृत्याने मृत्यू घडवल्यास पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३०४अ लागू होत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम १०६ मध्ये असून कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे. कायदेशीर कृत्य योग्य काळजीपूर्वक करत असताना घडलेला निव्वळ अपघात मात्र गुन्हा ठरत नाही. खेळातील संमतीलाही भारतीय कायद्याने मान्यता दिली आहे. दंड संहितेच्या कलम ८७ मध्ये, मनोरंजनासाठी परस्परांच्या संमतीने तलवारबाजी करणाऱ्या दोघांचे उदाहरण दिले होते: खेळ नियमाने चालला असता एकाकडून दुसऱ्यास इजा झाली, तर तो गुन्हा नव्हे. परंतु ही संमती ज्याने दिली त्याच्यापुरतीच मर्यादित असते. रस्त्याने जाणाऱ्या त्रयस्थाने ती दिलेली नसते.

हा भेद सप्टेंबर २०१९ मध्ये ठळकपणे पुढे आला. जोधपूर येथील राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद मालिकेच्या फेरीत, राजस्थानच्या बारमेर जिल्ह्यातील टप्प्यावर एक दुचाकी शर्यतीच्या मार्गावर आली आणि रॅलीतील गाडीची धडक बसून दुचाकीवरील पती, पत्नी व मुलगा यांचा मृत्यू झाला. फेरी रद्द करण्यात आली आणि पोलिसांनी चालक व आयोजकांविरुद्ध गुन्हा नोंदवला. अशा प्रसंगी मार्ग खरोखर बंद केला होता काय, गावकऱ्यांना पूर्वसूचना मिळाली होती काय आणि नाक्यांवर पुरेसे मार्शल होते काय, हे प्रश्न चालकाच्या कौशल्याइतकेच निर्णायक ठरतात.

परिणाम

वरील प्रकरणांतून काही समान बाबी दिसून येतात. चालकाविरुद्धची कारवाई बहुधा त्याच्या दोषाच्या प्रमाणात होत नाही. तो अपघातातून वाचला की नाही, यावरही ती अवलंबून असते. फोन ट्रिप्स वाचला असता तर हेच प्रश्न त्यालाही विचारले गेले असते. दुसरी बाब पुराव्याची. क्षणार्धात घडलेल्या टक्करीत कोणाची चूक किती, हे निःसंशय ठरवणे चलच्चित्रे उपलब्ध असूनही कठीण जाते. संशयाचा लाभ चालकास मिळतो, परंतु संशय सर्वस्वी नाहीसा होतोच असे नाही.

तिसरी बाब सुरक्षिततेची. एखाद्या चालकास शिक्षा झाल्याने धावमार्ग सुरक्षित झाल्याचे उदाहरण या प्रकरणांत सापडत नाही. ल माँ येथील पुनर्रचना, मिले मिल्याची समाप्ती, १९७८ नंतर पहिल्या फेरीत गाड्यांच्या मागोमाग वैद्यकीय पथकाची गाडी धाडण्याची पद्धत आणि गाडीतच थांबण्याचा नॅसकारचा नियम हे बदल, मृत्यू कशाने टळला असता या प्रश्नाच्या उत्तरातून झाले. मृतांच्या आप्तांच्या दृष्टीने मात्र कोण जबाबदार, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही. दोन्ही प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी एकच न्यायालयीन प्रक्रिया पुरेशी आहे काय, याविषयी निरनिराळ्या देशांनी निरनिराळे मार्ग अवलंबले आहेत.